अनुकरण आणि बालकाचे भाषासंपादन : एका कल्पनेचा इतिहास

१

लहान मूल भाषा कशी शिकते, ह्या प्रश्नाचे लोकमान्य उत्तर एका शब्दात देता येते : अनुकरणाने. मोठी माणसे बोलतात, मूल ऐकते आणि त्यांच्यासारखे बोलू लागते. ह्या उत्तराला रोजच्या अनुभवाचा आधार आहे. मराठी कुटुंबात वाढणारे मूल मराठी बोलते, कन्नड कुटुंबात वाढणारे कन्नड. आणि एका घरी जन्मलेले मूल दुसऱ्या घरी वाढले, तर ते दुसऱ्या घरची भाषा उचलते. रक्ताने भाषा येत नाही, सहवासाने येते, एवढे ह्यावरून निश्चित होते.

तथापि येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. मूल अमुकच भाषा का बोलते, हा पहिला प्रश्न. मूल मुळात भाषा बोलू कसे शकते, म्हणजे पूर्वी कधी न ऐकलेली वाक्ये रचणे त्याला कशाच्या बळावर साधते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला अनुकरण हे उत्तर पुरे पडते. दुसऱ्याही प्रश्नाला तेच उत्तर लावण्याचा मोह विचारवंतांना वेळोवेळी झाला. त्याची किंमत ग्रंथांतील वादापुरतीच राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ शंभर वर्षे ती बहिऱ्या मुलांना मोजावी लागली. अनुकरणाच्या कल्पनेचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

२

ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात मनुष्याला सर्व प्राण्यांत अधिक अनुकरणशील म्हटले आहे, आणि त्याचे आरंभीचे शिक्षण अनुकरणाने होते असेही सांगितले आहे. त्याच्या पूर्वी, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात, हिरोडोटसने एक प्रसिद्ध कथा नोंदवली होती. इजिप्तचा राजा सामेटिकस ह्याने जगातील आद्य लोक कोणते हे ठरविण्यासाठी दोन अर्भके एका मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यापुढे कोणी एक शब्दही उच्चारू नये अशी आज्ञा दिली. दोन वर्षांनी मुले ‘बेकोस’ असे म्हणू लागली. फ्रिजियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ भाकरी असा होता. त्यावरून राजाने फ्रिजियन लोकांचे प्राचीनत्व मान्य केले. मुलांना पाजण्यासाठी आणलेल्या शेळ्यांच्या ओरडण्याची ती नक्कल असावी, अशी शंका पुढच्या काळातील टीकाकारांनीच घेतली. राजाच्या मते मूल भाषा जन्मतः घेऊन येते. टीकाकारांच्या मते ते जे कानी पडेल त्याची नक्कल करते.

सोळाव्या शतकात अकबराने असाच प्रयोग उलट अपेक्षेने केला. बोलणे ऐकण्यावर अवलंबून आहे, असे त्याचे मत होते. लोकवस्तीपासून दूर एक इमारत बांधून तीत अर्भके ठेवण्यात आली आणि त्यांच्याशी कोणी बोलू नये अशी व्यवस्था झाली. अबुल फज़ल आणि बदायुनी ह्या दोघांनीही हा प्रयोग नोंदवला आहे. १५८२ साली बादशहाने तेथे भेट दिली, तेव्हा मुलांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. ‘गुंग महाल’, म्हणजे मुक्यांचा वाडा, हे त्या जागेचे नाव इतिहासात राहिले. अकबराचे अनुमान खरे ठरले असे म्हणता येईल. पण बोलणे आणि भाषा ही एकच वस्तू आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते. ती मुले हातवाऱ्यांनी व्यवहार करीत आणि ते हातवारे त्यांनी आपल्या मुक्या दायांकडून घेतले होते, अशी माहिती अठराव्या शतकाच्या आरंभी काट्रू ह्या फ्रेंच जेझुइट लेखकाने दिली आहे. घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने केलेली ही नोंद पुरावा म्हणून दुर्बळ आहे. तरी तीत जी शक्यता सुचविलेली आहे, तिचा विचार पुढे करावा लागेल.

भारतीय शास्त्रकारांनी ह्या प्रश्नाचा विचार प्रयोगाने नव्हे, तर विश्लेषणाने केला. शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध कोणा पुरुषाने ठरवून दिलेला नाही, असे मीमांसकांचे मत होते. साहजिकच तो संबंध प्रत्येक पिढीला कसा कळतो, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. त्यांचे उत्तर ‘वृद्धव्यवहार’ ह्या संज्ञेने ओळखले जाते. एक वडीलधारा मनुष्य दुसऱ्याला ‘गामानय’, गाय आण, असे सांगतो; दुसरा गाय आणतो. जवळच असलेले मूल हे पाहते. पुढे ‘गां बधान’, गाय बांध, आणि ‘अश्वमानय’, घोडा आण, अशी वाक्ये त्याच्या कानी पडतात. कोणता शब्द वाक्यात आला आणि कोणता गेला, म्हणजेच आवाप आणि उद्वाप, ह्यांवरून एकेका शब्दाचा अर्थ ते वेगळा काढते. ह्या अर्थबोधातून वाक्यार्थाची उपपत्ती कशी लावावी, ह्याविषयी कुमारिल आणि प्रभाकर ह्यांच्या संप्रदायांत तीव्र मतभेद होता. मूल व्यवहार पाहून शिकते, ह्याविषयी मात्र नव्हता.

ह्या चित्रातील मूल गप्प आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ते कोणाचाही शब्द पुन्हा उच्चारत नाही. एकाने काय म्हटले, दुसऱ्याने काय केले आणि पहिल्याचा हेतू कशाने पुरा झाला, हे पाहून ते अनुमान करते. मीमांसकांच्या मते भाषासंपादनाचा पाया हा आहे. नक्कल तेथे नाही. भर्तृहरी ह्याहून एक पाऊल मागे जातो. वाक्यपदीयात तो असा विचार मांडतो की अर्भकाच्या वागिंद्रियांची पहिली हालचालदेखील अंगभूत शब्दभावनेवाचून संभवत नाही, आणि ही भावना पूर्वसंस्काराने आलेली असते. पूर्वजन्माची भूमिका बाजूस ठेवली तरी प्रश्न उरतोच : अनुकरण करावयाचे तर ते करण्याची तयारी आधी कोठून येते?

३

प्रत्यक्ष मुलाच्या वाढीची पद्धतशीर नोंद युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. टीडमान ह्या जर्मन तत्त्वज्ञाने आपल्या मुलाविषयीची निरीक्षणे १७८७ साली प्रसिद्ध केली. ह्या परंपरेला खरी गती आली ती मात्र १८७६–७७ च्या सुमारास. फ्रेंच विचारवंत तेन ह्याने आपल्या मुलीच्या बोलण्याविषयी एक लेख लिहिला. तो इंग्रजीत आलेला वाचून डार्विनने सदतीस वर्षांपूर्वीची आपली टिपणे बाहेर काढली आणि १८७७ साली एका अर्भकाचे चरित्रात्मक शब्दचित्र प्रसिद्ध केले.

डार्विनची सावधगिरी अनुकरणीय आहे. चार महिन्यांचे मूल ध्वनींचे अनुकरण करीत असल्याचे त्याला वाटले होते. पण त्यात आपलीच फसगत झाली असेल, असे तो नमूद करतो. दहाव्या महिन्यापर्यंत त्याची खात्री पटली नाही. आणि पुढे वर्षाचे झाल्यावर त्या मुलाने जो शब्द काढला, तो अनुकरणाचा नव्हताच. खाण्याच्या पदार्थासाठी त्याने ‘मम्’ हा शब्द स्वतः तयार केला. तेनची निरीक्षणेही ह्याच दिशेची आहेत : मूल शब्द उचलते, पण त्यांचा अर्थ आपल्या समजुतीने बेतते आणि काही शब्द स्वतः घडवते.

डार्विनच्या ह्या ‘मम्’वरून मराठी वाचकास ‘मंमं’ आठवल्यावाचून राहणार नाही. दोन असंबद्ध घरांत हा सारखेपणा कसा आला? रोमान याकोबसन ह्याने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात त्याची उपपत्ती दिली. स्तनपान चालू असता ओठ मिटलेले असतात. त्या स्थितीत नाकावाटे निघणारा हुंकारच काय तो शक्य असतो. पुढे अन्न दृष्टीस पडताच तोच हुंकार मागणीची खूण म्हणून येतो. मोठी माणसे तो उचलतात, त्याला अर्थ देतात आणि शब्द म्हणून मुलाला परत करतात. म्हणजे येथे आधी अनुकरण करतो तो मोठा मनुष्य, मूल नंतर.

बालबोली ही अशा देवाणघेवाणीची जागा आहे. चार्ल्स फर्ग्युसन ह्याने १९६४ साली सहा भाषांतील बालबोलीची तुलना केली. त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी डॉ. अशोक केळकर ह्यांचा मराठी बालबोलीवरील निबंध ‘वर्ड’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बालबोली म्हणजे मुलांचे चुकलेले उच्चार नव्हेत. मोठ्यांनी मुलांसाठी राखलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पोचविलेली ती एक संकेतबद्ध बोली आहे, हे अशा अभ्यासांनी स्पष्ट झाले. ‘भूभू’, ‘चिऊ’, ‘जोजो’ हे शब्द आजचे मूल निर्माण करीत नाही. ते त्याला दिले जातात.

४

दैनंदिनीकारांच्या टिपणांत अशी सूक्ष्म निरीक्षणे जमत असतानाच शिक्षणाच्या क्षेत्रात अनुकरणाच्या कल्पनेचा अत्यंत ढोबळ उपयोग झाला. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांपेक्षा मुखाने बोललेली भाषा निर्विवाद श्रेष्ठ आहे, असे ठरवून शाळांतून शुद्ध मौखिक पद्धती स्वीकारावी, असा ठराव तिने केला. शंभराहून अधिक प्रतिनिधींत बहिरी व्यक्ती केवळ एक होती.

ह्या पद्धतीचे स्वरूप पाहिले म्हणजे तिच्या मुळाशी असलेली समजूत ध्यानात येते. मुलाला शिक्षकासमोर बसवावयाचे, शिक्षकाच्या ओठांची हालचाल त्याने पाहावयाची, गळ्यावर हात ठेवून कंप अजमावावयाचा आणि तसाच ध्वनी स्वतः काढावयाचा. जो ध्वनी निघतो तो मात्र त्याला ऐकू यावयाचा नाही. भाषा म्हणजे बोलणे आणि बोलणे म्हणजे ऐकलेल्याची नक्कल, असे एकदा मानले की नक्कल जमेपर्यंत मुलाकडे भाषा नाही, असाच निष्कर्ष निघतो. हातांनी बोलणे हा मग अडथळा ठरतो. अनेक शाळांतून खुणांना बंदी झाली, त्या करणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, आणि खुणांच्या भाषेत शिकविणाऱ्या बहिऱ्या शिक्षकांच्या जागा गेल्या. वाक्यरचना आणि अर्थ ह्यांच्या अभ्यासासाठी असलेली बालपणाची वर्षे एकेक उच्चार साधण्यात खर्ची पडली. खुणांच्या भाषेला स्वतःची घटकव्यवस्था आहे, हे विल्यम स्टोकी ह्याने १९६० साली दाखवून दिले, तोवर मिलानच्या ठरावास ऐंशी वर्षे होऊन गेली होती.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी क्लारा आणि विल्यम श्टेर्न ह्या दांपत्याने आपल्या मुलांच्या भाषेवरील ग्रंथात (१९०७) समतोल भूमिका घेतली होती : बाहेरून मिळणारे आणि आतून उमलणारे ह्यांच्या संगमातून भाषा घडते. अमेरिकेतील वर्तनवादी विचारात हा समतोल टिकला नाही. तेथे आतील भाग वगळून अनुकरण आणि प्रोत्साहन ह्यांवर सर्व भार टाकण्यात आला. १९५७ साली स्किनरने भाषिक वर्तनाची मांडणी केली, तीत ऐकलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी उमटविणाऱ्या उच्चारांना एक स्वतंत्र वर्ग मिळाला.

१९५९ साली चॉम्स्कीने ह्या ग्रंथाचे जे परीक्षण केले, ते प्रसिद्धच आहे. पण तात्त्विक खंडनाइतकेच महत्त्वाचे होते ते साध्या प्रयोगांतून पुढे आलेले पुरावे. जीन बर्को हिने १९५८ साली मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचे चित्र दाखविले, त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले आणि मग दोन पक्षी दाखवून ह्यांना काय म्हणावे असे विचारले. हा शब्द मुलांनी कधी ऐकलेलाच नसल्यामुळे त्याच्या अनेकवचनाची नक्कल करणे शक्य नव्हते; तरी त्यांनी ते बिनचूक बनविले. मराठीत ह्यासाठी प्रयोगाचीही गरज नाही. प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातले मूल ‘मी करलं’ असे म्हणते, तेव्हा हा शब्द त्याला घरात कोणी दिलेला नसतो. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘उठलं’ ह्या रूपांतून त्याने नियम काढलेला असतो आणि ‘केलं’ ह्या ऐकीव रूपावरही तो नियम चालविलेला असतो. मुलाची ही चूक अनुकरणाच्या अभावाची नव्हे. नियमाच्या सामर्थ्याची आहे.

उलट बाजूचा पुरावा लेनेबर्गने १९६२ साली मांडला. उच्चाराच्या जन्मजात असमर्थतेमुळे कधीही बोलू न शकलेला आठ वर्षांचा एक मुलगा इंग्रजी वाक्ये समजून त्यांप्रमाणे वागत असल्याचे त्याने दाखविले. ह्या मुलाने एकाही शब्दाची नक्कल केलेली नव्हती, तरी भाषा त्याला आली होती. सुसान अर्विन हिने १९६४ साली मुलांची अनुकरणात्मक वाक्ये आणि स्वयंस्फूर्त वाक्ये ताडून पाहिली. व्याकरणाच्या दृष्टीने पहिली दुसऱ्यांच्या पुढे गेलेली नव्हती. जे रचता येत नाही त्याची नक्कलही मुलाला धड करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

ह्या पुराव्यानंतर काही काळ अनुकरण हा शब्द भाषाशास्त्राच्या चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाला. तोही अतिरेकच होता. लॉइस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली सहा मुलांचे बोलणे तपासले, तेव्हा काही मुले पुष्कळ अनुकरण करीत आणि काही फार थोडे, असे आढळले. अनुकरण करणारी मुले तरी कशाचे अनुकरण करीत? जे शब्द आणि ज्या रचना पुरत्या आलेल्या आहेत त्यांचे नव्हे, अगदी अपरिचित असलेल्यांचेही नव्हे. ज्या शिकण्याच्या उंबरठ्यावर आहेत त्यांचे. म्हणजे काय उचलावे, ह्याची निवड मूल करीत होते.

६

निवडीचा हा मुद्दा भाषेबाहेरील अभ्यासांतही वर आला. पियाजेने १९४५ साली आपल्या मुलीचे एक उदाहरण दिले होते. घरी आलेला एक मुलगा संतापून पाय आपटताना तिने पाहिला. दुसऱ्या दिवशी, तो समोर नसताना, तिने तोच प्रकार करून दाखविला. पाहिलेले मनात साठवून पुढे योजावयाचे, ही नक्कल प्रतिध्वनीहून निराळी आहे.

१९७७ साली मेल्त्झॉफ आणि मूर ह्यांनी दोन-तीन आठवड्यांची अर्भके जीभ बाहेर काढणे, तोंड उघडणे ह्यांसारख्या हालचालींचे अनुकरण करतात, असे प्रसिद्ध केले, तेव्हा अनुकरणाची शक्ती जन्मजात असल्याचे अनेकांनी मानले. २०१६ साली ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक अर्भकांचा नवव्या आठवड्यापर्यंत पाठपुरावा झाला, त्यात ह्याला दुजोरा मिळाला नाही. वाद अजून मिटलेला नाही. मोठ्या मुलांविषयीचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. गेर्गेली आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या प्रयोगात प्रयोगकर्ता कपाळ टेकवून दिवा लावी. त्याचे हात मोकळे असताना तसे केले, तर चौदा महिन्यांच्या मुलांपैकी ६९ टक्के मुलांनी कपाळच टेकवले. त्याचे हात अंगावरच्या शालीत गुंतलेले असताना तसे केले, तर हे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. हात रिकामे असूनही कपाळ वापरले, त्या अर्थी त्यात काही हेतू असला पाहिजे, असे मूल जणू मानते.

हॉर्नर आणि व्हाइटन ह्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत पारदर्शक पेटीतील निरर्थक कृती चिंपांझींनी सोडून दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र त्या निष्ठेने केल्या. वरवर पाहता येथे चिंपांझी शहाणा ठरतो. पण ज्याचे कारण कृतीत दिसत नाही, ते मोठ्यांवर विश्वास ठेवूनच घ्यावे लागते. गायीला ‘गाय’ का म्हणावे, ह्याचे कारण कोणत्याही पारदर्शक पेटीत दिसावयाचे नाही. संकेतांची परंपरा टिकते ती मुलाच्या ह्या विश्वासामुळे. अशा रीतीने आधुनिक संशोधन, निराळ्या वाटेने, वृद्धव्यवहार पाहणाऱ्या त्या गप्प मुलापाशी येऊन पोचते : मूल कृतीची नव्हे, हेतूची नोंद घेते.

७

सामेटिकस आणि अकबर ह्यांनी जे क्रूरपणे पाहू इच्छिले, ते निकाराग्वात कोणाच्याही योजनेवाचून घडले. १९७७ साली मानाग्वा येथील विशेष शिक्षणाच्या केंद्रात सुमारे पन्नास बहिरी मुले एकत्र आली; काही वर्षांत ही संख्या चारशेंवर गेली. शिक्षक त्यांना ओठ वाचावयास आणि स्पॅनिश बोलावयास शिकवीत होते. त्यात फारसे यश येत नव्हते. परंतु मैदानावर आणि बसमध्ये मुले आपापल्या घरच्या खुणा एकमेकांना देत होती. त्यांतून एक सामाईक व्यवहार उभा राहिला. नंतर आलेल्या लहान मुलांनी तो उचलला आणि उचलताना त्यात व्याकरण भरले. ॲन सेंघस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले की गडगडत खाली जाण्याची क्रिया पहिल्या पिढीची माणसे बहुधा एकाच सलग हावभावाने दाखवीत. पुढच्या तुकड्यांतील मुले मात्र ‘गडगडणे’ आणि ‘खाली’ अशा दोन सुट्या खुणा करून त्या क्रमाने जोडीत. ही विभागणी त्यांना कोणी दाखविलेली नव्हती.

येथे दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र दिसतात. खुणा मुलांनी एकमेकांकडून घेतल्या; तेवढा भाग अनुकरणाचा. त्यांची व्यवस्था लावली ती मुलांनी स्वतः; तो भाग अनुकरणाचा नव्हे. आणि दोहोंनाही एक अट समान आहे : ज्याच्याशी व्यवहार करावयाचा असे दुसरे माणूस समोर असले पाहिजे. गुंग महालात भाषा उगवली नाही, ती कानी शब्द पडला नाही एवढ्यामुळे नव्हे. जेथे ती उगवू शकली असती, त्या दायांच्या हातांकडे भाषा म्हणून पाहण्याचे कोणाला सुचले नाही, ही शक्यता काट्रूच्या दुर्बळ नोंदीमुळे निदान विचारात घ्यावी लागते.

२०१० साली व्हँकूवर येथे भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव अमान्य केले आणि त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांच्या ह्या अंतरात ज्या मुलांचे बालपण संपून गेले, त्यांना ह्या खेदाचा उपयोग नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र आहे. मुलाने काय ऐकले आणि काय पुन्हा म्हटले, एवढेच मोजून त्याच्या भाषेचा निवाडा करावयाचा नसतो. त्याला काय कळले आणि त्यातून त्याने काय घडविले, हे आधी पाहावे लागते. ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाला हसण्यापूर्वी आणि हातांनी बोलणाऱ्या मुलाचे हात धरण्यापूर्वी हा भेद ध्यानात आला असता, तर मिलानचा ठराव कदाचित झालाच नसता.